८४ पानांचा रिपोर्ट आणि अण्णांची एक गोळी

डॉक्टर, सप्रेम नमस्कार.

आम्ही इंदिरानगरला राहतो. घरात सासरे (वय ७१), आम्ही दोघं आणि बारावीतली मुलगी. सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, चार महिन्यांपूर्वी अटॅक आला. अँजिओप्लास्टी करून एक स्टेंट टाकला. माझे दीर हिंजवडीला आयटीत आहेत. त्यांना ऑफिसतर्फे सवलत मिळत होती, म्हणून त्यांनी आमच्या सगळ्यांच्या थुंकीच्या नळ्या भरून डीएनए तपासणीला पाठवल्या. मुलीची मात्र मी पाठवू दिली नाही. आता प्रत्येकाचा रिपोर्ट आलाय. ८४ पानांचा, रंगीत. अण्णांच्या रिपोर्टात ६१ व्या पानावर लाल चौकटीत लिहिलंय की क्लोपिडोग्रेल त्यांना नीट लागू पडणार नाही. तीच गोळी ते रोज घेतात! माझ्या रिपोर्टात बीआरसीए२ या, स्तनाच्या कॅन्सरशी जोडलेल्या जनुकात 'अनिश्चित अर्थाचा बदल' सापडलाय. माझ्या सख्ख्या मावशीला ४१ व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला होता. ती बरी झाली, येवल्याला असते. पण माझी झोप उडाली आहे. मिस्टरांच्या रिपोर्टात मधुमेहाचा धोका १.३ पट आणि 'तिखट जपून खा' असं आलंय, त्यावरून घरात चेष्टा चालते. सिडकोतल्या आमच्या फॅमिली डॉक्टरांना हे दाखवलं, तर त्यांनी चार पानं उलटली आणि 'ठेवून द्या कपाटात' म्हणाले. दीर म्हणतात, डॉक्टर जुन्या वळणाचे आहेत, बदला. अण्णांची गोळी बंद करू का? माझं काय? मुलीची तपासणी करावी का? आणि हे विमा कंपनीला कळलं तर?

— अ. कु., इंदिरानगर, नाशिक

ताई,

गोळी बंद करू नका. बाकीचं उत्तर चहा घेत वाचलंत तरी चालेल, पण हे आधी अण्णांना सांगून या.

स्टेंट टाकल्यावर पहिले काही महिने, अटॅक आला असेल तर साधारण वर्षभर, रक्त गोठू न देणाऱ्या दोन गोळ्या जोडीने चालतात. एक ॲस्पिरिन आणि दुसरी क्लोपिडोग्रेल किंवा तिच्याच कुळातली एखादी. यातली एक आपल्या मनाने सोडली की स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते, आणि तसं झालं तर मुंबई नाक्यावरून दवाखान्यापर्यंत पोचायलाही वेळ पुरत नाही. रिपोर्टातली लाल चौकट खरी ठरली तर ही गोळी बदलायची असते, आणि नवी हातात आल्याशिवाय जुनी सोडायची नसते. ते काम कार्डिऑलॉजिस्टचं. तुमचं काम त्यांच्यापुढे योग्य प्रश्न ठेवण्याचं, त्याकडे येतेच.

त्या चौकटीत काय म्हटलंय ते आधी पाहू. क्लोपिडोग्रेल पोटात जाते तेव्हा ती कामाची नसते. यकृतात एक एंझाइम आहे, सीवायपी२सी१९. ते या गोळीवर काम करतं तेव्हा कुठे तिचं औषध होतं. म्हणजे अंबडच्या एमआयडीसीत कच्चा माल येऊन पडावा आणि मशीन चाललं तरच पक्का माल बाहेर यावा, तसं. हे मशीन कसं चालेल ते आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा त्याच्या जनुकाच्या दोन प्रतींवर ठरतं. मंद मशीनची सगळ्यांत नेहमी दिसणारी प्रत 'स्टार-२' या नावाने ओळखली जाते. आपल्याकडे ती मुळीच दुर्मीळ नाही. भारतीयांत निम्म्यांच्या आसपास लोकांकडे तिची एक तरी प्रत असते, आणि दहांतल्या एखाद्याकडे दोन्ही प्रती मंद निघतात. अण्णांचा रिपोर्ट 'स्टार-२/स्टार-२' म्हणत असेल (६१ व्या पानावर चौकटीखाली बारीक अक्षरात पाहा), तर ते त्या दहातले एक.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० साली क्लोपिडोग्रेलच्या माहितीपत्रकावर याबद्दल काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला. तरी आजही स्टेंट टाकलेल्या प्रत्येकाची ही तपासणी होत नाही, इथेही नाही आणि तिथेही नाही. कार्डिऑलॉजिस्ट मंडळींत त्यावर मतभेद आहेत. लाखो लोक ही गोळी घेऊन ठणठणीत आहेत, आणि त्यांत मंद मशीनवालेही पुष्कळ असणार. पण तपासणी मुद्दाम करावी का, हा एक प्रश्न झाला. ती झालेलीच आहे आणि निकाल हातात आहे, तेव्हा तो पाहावा का, हा वेगळा प्रश्न. याचं उत्तर मला सरळ वाटतं. स्टेंटला चार महिनेच झाले असताना पाहायलाच हवा.

पर्याय दोन आहेत. प्रासुग्रेल आणि टिकाग्रेलोर, दोन्हींना हे मशीन लागत नाही. पण या गोळ्या अधिक जोरकस, त्यामुळे रक्तस्रावाची भीतीही अधिक. पूर्वी पक्षाघात होऊन गेला असेल तर प्रासुग्रेल देत नाहीत. वय ७५ च्या पुढे किंवा वजन ६० किलोच्या आत असेल तरी हात आखडता घेतात. टिकाग्रेलोर दिवसातून दोनदा घ्यावी लागते आणि काहींना तिने धाप लागल्यासारखं होतं. म्हणून अण्णांचं वजन, जुना अल्सर, पूर्वीचा पक्षाघात, संडासवाटे रक्त गेलं होतं का, हे सगळं ६१ व्या पानाइतकंच महत्त्वाचं आहे. ते त्या ८४ पानांत कुठेच नाही, कारण थुंकीत ते दिसत नाही.

आता तुमच्या सिडकोच्या डॉक्टरांकडे वळते. दिरांचं मत मला पटलं नाही. ३५ वर्षं मीही नाशकात हेच काम केलं. ओपीडीत ४० पेशंट बाहेर बसलेले असताना कुणी ८४ रंगीत पानं टेबलावर ठेवली असती, तर मी काय केलं असतं ते मला ठाऊक आहे. मी तर दोनच पानं उलटली असती.

डॉक्टर मंडळींना जनुकांचं वावडं आहे असं समजू नका. क्षयरोगाचा संशय आला की याच शहरात थुंकीचा नमुना सीबीनॅट किंवा ट्रूनॅट मशीनवर जातो. ते मशीन क्षयाच्या जंतूच्या जनुकात डोकावतं आणि रिफाम्पिसिन हे औषध त्या जंतूवर चालेल की नाही, तेही सांगतं. सीबीनॅटचा निकाल तर दोन तासांत येतो. पूर्वी याच उत्तरासाठी जंतू वाढवून कित्येक आठवडे थांबावं लागे. ही चक्क जनुकीय तपासणी आहे. एकाही डॉक्टरने ती कपाटात ठेवून दिल्याचं मी ऐकलेलं नाही, कारण तिचं उत्तर एका ओळीचं असतं आणि ती ओळ वाचून हातातलं प्रिस्क्रिप्शन बदलतं. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या गाठीत ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल आहे का, हेही असंच. आहे तर ही गोळी, नसेल तर दुसरा रस्ता.

तुमच्या रिपोर्टात अशी एक ओळ होती, पण ६१ व्या पानावर. तिच्या आधीच्या ६० पानांत केस गळण्याची, कॉफीची आणि धावण्याच्या क्षमतेची जनुकं होती. कामाची ओळ अशी पुरून ठेवणाऱ्यांवर माझा राग जास्त आहे.

परदेशात मोठ्या रुग्णालयांत यावर एक तोड काढलेली असते. निकाल कागदावर न ठेवता संगणकातल्या नोंदीत अशा रीतीने घालतात की डॉक्टरने क्लोपिडोग्रेल टाइप केलं रे केलं की पडद्यावर सूचना येते: 'या पेशंटचं एंझाइम मंद आहे, पुन्हा विचार करा.' डॉक्टरला काही लक्षात ठेवावं लागत नाही. आपल्याकडे आभा, म्हणजे आरोग्याच्या नोंदींचं सरकारी डिजिटल खातं आहे, त्यात तुम्ही हा रिपोर्ट चढवू शकता, आणि चढवाही. पण चढतं ते पीडीएफ, म्हणजे संगणकाच्या दृष्टीने एक चित्र. त्यातून सूचना उगवत नाही. आणि खरं सांगायचं तर नाशकातल्या बहुतेक घरांची वैद्यकीय नोंद अजून सराफ बाजारातल्या कुठल्यातरी दुकानाच्या कापडी पिशवीत असते. तेव्हा सूचना देणारा संगणक तुम्हीच व्हायचं.

यात काही कमीपणा नाही. युरोपातल्या सात देशांत जवळजवळ ७,००० रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला. २०२३ साली तो 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला. औषधांशी संबंधित १२ जनुकं आधीच तपासून त्यांप्रमाणे औषध आणि डोस ठरवला, तर औषधांचे त्रासदायक दुष्परिणाम सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. त्यात पेशंटच्या हातात काय दिलं होतं? एटीएम कार्डाएवढं एक कार्ड. ते पाकिटात ठेवायचं आणि जो डॉक्टर समोर येईल त्याला दाखवायचं.

तुम्ही कार्ड छापू नका, एक पान करा. अण्णांच्या फाईलच्या आतल्या बाजूला, उघडताच दिसेल असं चिकटवा. मी असं लिहिलं असतं: 'सीवायपी२सी१९: स्टार-२/स्टार-२, मंद. क्लोपिडोग्रेल कमी लागू पडण्याची शक्यता. तपासणी थुंकीवरून, अमुक महिना, अमुक प्रयोगशाळा. रक्तावर खात्री: झाली / नाही.' त्याखाली, आजवर कुठल्या औषधाने काय त्रास झाला. त्याखाली, घरात कुणाला कुठल्या वयात काय झालं. मागच्या बाजूला सध्याच्या सगळ्या गोळ्या. बस्स.

'खात्री' हा शब्द मी मुद्दाम घातला. घरी मागवलेल्या या तपासण्या पुष्कळदा जनुकाची ठरावीक ठिकाणंच चाचपतात, आणि नळी अदलाबदल व्हायलाही वेळ लागत नाही. (सगळ्यांच्या नळ्या एकाच ओट्यावर भरल्या असतील ना? मग झालं.) कार्डिऑलॉजिस्टांना वाटलं तर एनएबीएल (प्रयोगशाळांचा दर्जा तपासणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत रक्तावर फक्त ही एक तपासणी पुन्हा होते.

हे पान आजच्या गोळीपुरतं नाही. हेच मंद मशीन आणखी बऱ्याच औषधांना लागतं. उद्या अण्णांना उदास वाटायला लागलं (अटॅकनंतर अनेकांना वाटतं) आणि मानसोपचारतज्ज्ञांनी एस्सिटॅलोप्राम लिहिली, तर तीच ओळ वाचून ते डोस बेताचा ठेवतील. ॲसिडिटीच्या गोळ्यांचाही यात संबंध आहे, आणि तो घरात इतर सगळ्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल या गोळ्या चांगल्या चालणाऱ्या मशीनलाही मंद करतात. म्हणजे ज्याचं जनुक अगदी व्यवस्थित आहे, तोही क्लोपिडोग्रेलबरोबर रोज ओमेप्राझोल घेत बसला तर अण्णांच्या रांगेत जाऊन उभा राहतो. तिथे डॉक्टर बहुधा पँटोप्राझोल देतात. निफाड-दिंडोरीकडचे द्राक्षवाले माती परीक्षण एकदा करून थांबत नाहीत, हंगामात देठ परीक्षणही करतात, कारण मातीत असलेलं सगळं देठापर्यंत पोचतंच असं नाही. जनुकाचा रिपोर्ट हे माती परीक्षण समजा. आज पोटात काय काय जातंय हे त्याला माहीत नसतं.

फाईलच्या पानावर घरातले आजार लिहा म्हटलं, त्यामागे माझी एक जुनी चूक आहे.

१९९० च्या दशकातली गोष्ट. पेठ तालुक्यातला एक मुलगा, असेल नऊ-दहा वर्षांचा, मलेरिया घेऊन आला. व्हायवॅक्स जातीचा होता. ताप उतरल्यावर तो पुन्हा उलटू नये म्हणून प्रायमाक्विन देतात, ती मी सुरू केली. तिसऱ्या दिवशी आई त्याला पाठुंगळी घेऊन आली. लघवी काळ्या चहासारखी, डोळे पिवळे, पोरगं पांढरंफटक. तांबड्या पेशी फुटत होत्या. जी६पीडी नावाचं एंझाइम कमी असलेल्यांना प्रायमाक्विनने असं होतं, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. रक्त चढवलं, पोरगा वाचला. नंतर आई सहज बोलून गेली, "याच्या मामालाबी गोळ्यांनी असंच झालं व्हतं." मी तपासताना घरच्यांची चौकशी केली होती, नाही असं नाही. पण वडिलांना विचारलं होतं, वडिलांकडच्यांबद्दल. आणि हा दोष बसतो एक्स गुणसूत्रावर. मुलाला तो आईकडूनच येतो, म्हणून मामा हा त्यातला मुख्य साक्षीदार. एक प्रश्न कमी विचारला मी. तेव्हापासून माझ्या केसपेपरवर 'मामा, मावशी' असा वेगळा रकाना असे, आणि कंपाउंडर त्याला हसत असे.

आपल्याकडे वंशावळ जपायची सोय जुनीच आहे. रामकुंडावर किंवा त्र्यंबकेश्वरला जाऊन गाव आणि आडनाव सांगितलं की तीर्थपुरोहित नामावळीची वही काढतात, आणि पणजोबा कुठल्या साली येऊन गेले तेही सापडतं. माझ्या घरची पाहिली आहे मी. पुरुषांच्या सात पिढ्या आहेत. बाया नावापुरत्या, लेकी तर लग्न झालं की गळाल्याच. कोण कशाने गेलं, हे कुणाचंच नाही. तुमच्या पानावर तुम्ही उलट करा. नावं नसली तरी चालतील, पण नातं, आजार आणि तो झाला तेव्हाचं वय हवं, माहेरचं आणि सासरचं दोन्हीकडचं. 'हृदयविकार' एवढं पुरत नाही. ४२ व्या वर्षीचा की ७५ व्या, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. भूल दिल्यावर कुणी भलत्याच वेळाने शुद्धीवर आलं असेल, फिट्सच्या गोळीने कुणाचं अंग सोलवटलं असेल, तेही लिहा. कार्बामाझेपिन या फिट्सच्या गोळीने येणारा तो भयंकर पुरळ काही लोकांत एचएलए-बी या जनुकाच्या एका विशिष्ट प्रतीशी जोडलेला असतो. अशी एक आठवण कधीकधी सगळ्या रंगीत पानांहून जास्त सांगते.

यावरून तुमच्या मावशीकडे येते. तुमच्या पत्रातला खरा जनुकीय धागा मला तोच वाटतो.

'अनिश्चित अर्थाचा बदल' याचा अर्थ तसाच घ्या: बदल दिसला, तो घातक की निरुपद्रवी हे आज कुणाला ठाऊक नाही. बीआरसीए२ फार लांबलचक जनुक आहे, त्यात असे बारीकसारीक बदल पुष्कळांच्यात सापडतात. पुढे अशा बदलांचा उलगडा होतो तेव्हा त्यांतले बहुतेक निरुपद्रवी निघतात. आपल्या लोकांच्या वाट्याला ही 'अनिश्चित' चिठ्ठी जरा जास्तच येते, कारण बदल नेहमीचा की दुर्मीळ हे ज्या जागतिक साठ्यांशी ताडून पाहतात, त्यांत माहिती बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांची आहे. येवल्यातल्या बाईचा बदल तिथे कुणी पाहिलेलाच नसतो. म्हणून केंद्र सरकारच्या 'जीनोम इंडिया' प्रकल्पात २०२० पासून देशभरातल्या वेगवेगळ्या समाजांतल्या १०,००० लोकांचे जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचले गेले आणि ती माहिती ९ जानेवारी २०२५ ला संशोधकांना खुली झाली. अशी भर पडत गेली की तुमच्या चिठ्ठीवरचा शब्दही कधीतरी बदलेल. या अनिश्चित बदलाच्या भरवशावर कुणीही, अगदी कुणीही, शस्त्रक्रियेची गोष्ट काढली तर तिथून उठून या.

पण मावशीला ४१ व्या वर्षी कॅन्सर झाला, ही गोष्ट अनिश्चित नाही. ती तुमच्या रिपोर्टाच्या आधीही तेवढीच खरी होती. या वाटेने विचारणारं तेव्हा कुणी नव्हतं, इतकंच.

अशा घरात तपासणी सुरू करायची ती जिला आजार झाला तिच्यापासून. मावशी बऱ्या आहेत, येवल्याला आहेत, हे तुमचं भाग्य. त्यांची तयारी असेल तर त्यांच्या रक्तावर बीआरसीए१, बीआरसीए२ आणि त्यांच्याबरोबरच्या जनुकांची पूर्ण तपासणी व्हावी, थुंकीच्या नळीतली वरवरची नव्हे. त्यांच्यात घातक बदल सापडला, तर घरातल्या बाकीच्यांत तोच एक बदल शोधायचा. उत्तर हो किंवा नाही, मधलं काही नाही. तुमच्या आईपासून सुरुवात करायची. आईत नसेल तर त्या वाटेने तो तुमच्यात येऊच शकत नाही. आईत असेल तर तुमच्यात असण्याची शक्यता निम्मी. मावशींकडे काहीच सापडलं नाही, तर तुमच्या भीतीतली बरीचशी हवा निघून जाईल, तरी मावशीचं वय सांगून स्तनांची तपासणी आणि मॅमोग्राफी कधी, किती वर्षांनी, हे डॉक्टरांशी ठरवायचंच. आणि वडिलांकडच्या आत्या, चुलत बहिणी विसरू नका. हे जनुक पुरुषांकडूनही तितकंच उतरतं, पुरुषाच्या अंगात मात्र बहुधा गुपचूप बसतं. 'वडिलांकडून स्तनाचा कॅन्सर कसा येईल' असं मला शिकल्यासवरल्या घरांतूनही विचारलं गेलंय.

घातक बदल असलेल्या बाईला वयाच्या ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता ७० टक्क्यांच्या आसपास असते, म्हणून हा शोध अर्धवट सोडायचा नाही. पण तो एकट्याने इंटरनेटवर बसूनही करायचा नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये आनुवंशिक कॅन्सरसाठी वेगळा विभाग आहे. नाशिकमधल्या कॅन्सर तज्ज्ञांकडे आधी जा आणि जनुकीय समुपदेशन कुठे होईल ते विचारा. तपासणीआधी एकदा आणि निकालानंतर एकदा बोलणं व्हायला हवं. मावशींना फोन करताना मात्र 'माझ्यासाठी तपासणी करा' असं एकदम म्हणू नका. त्यांनी तो आजार एकदा भोगलाय. येवल्याला जाऊन बसा त्यांच्याजवळ.

मुलीची नळी तुम्ही पाठवू दिली नाहीत, ते फार शहाणपणाचं केलंत. मोठेपणी होणाऱ्या आजारांसाठी १८ वर्षांखालच्या मुलांची अशी तपासणी करू नये, असाच जगभरचा वैद्यकीय संकेत आहे. मोठी झाल्यावर जाणून घ्यायचं की नाही हे तिचं तिने ठरवावं. तुमच्यातच घातक बदल नाही असं निघालं, तर मावशीचा प्रश्न तिच्यापुरताही संपला.

तिच्या लग्नाआधी कधीतरी एक जुनी, स्वस्त आणि नीरस तपासणी जरूर करा: एचपीएलसी. थॅलेसेमिया किंवा सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारांची वाहक आहे का, ते रक्ताच्या त्या एका तपासणीत कळतं. वाहकाला स्वतःला बहुधा काही त्रास नसतो. पण दोघं वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबक पट्ट्यात सिकलसेल हा घराघरातला विषय आहे. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांखालच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं, ते याचसाठी. आशाताई पाड्यावर जाऊन लोकांना सिकलसेलची कार्डं समजावून सांगतात आणि इंदिरानगरात आपण सुरकुत्यांचं जनुक वाचत बसतो. पत्रिका जुळवतात तेव्हा दोन्हीकडचा हा एक कागद शेजारी ठेवला, तर माझी पत्रिकेलाही हरकत नाही.

मिस्टरांचं थोडक्यात. मधुमेहाचा '१.३ पट' धोका म्हणजे कुणाच्या १.३ पट, ते विचारा. असे आकडे शेकडो बारीक बदलांची बेरीज करून काढतात, आणि ती बेरीज बहुतेक युरोपीय लोकांवर बसवलेली असते. आपल्यावर ती सैल बसते. त्यांची कंबर टेपने मोजा आणि उपाशीपोटी साखर तपासा. मधुमेहाबद्दल ते दोन आकडे जास्त सांगतील. मिसळ महिन्यातून किती वेळा, हे मात्र मी सांगणार नाही. मला कॉलेज रोडला तोंड दाखवायचं असतं.

विम्याचं. २०१८ च्या फेब्रुवारीत दिल्ली उच्च न्यायालयाने आरोग्य विम्यातून 'जनुकीय आजार' सरसकट वगळणं भेदभावाचं ठरवलं, आणि लगेच मार्चमध्ये विमा नियामकाने नव्या आरोग्य पॉलिसींत तसं कलम घालू नका असं कंपन्यांना कळवलं. पण अमेरिकेत २००८ पासून आहे तसा जनुकीय भेदभावाविरुद्धचा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. फॉर्मवर जे विचारलंय त्याचं खरं उत्तर द्या, खोटं लिहिलेलं दाव्याच्या वेळी अंगाशी येतं. न विचारलेलं मात्र एजंटला कौतुकाने दाखवू नका. फॅमिली ग्रुपवर ही पीडीएफ टाकली असेल तर काढा. तुमचा रिपोर्ट हा तुमच्या बहिणीचा, भाच्याचा, न जन्मलेल्या नातवंडांचाही थोडाथोडा रिपोर्ट आहे, आणि त्यांनी कुठे सही केली नव्हती. अमेरिकेतल्या एका नामांकित डीएनए कंपनीकडून २०२३ मध्ये ६९ लाख लोकांची माहिती चोरीला गेली, आणि २०२५ च्या मार्चमध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. मग माहितीचा तो सगळा साठाच विक्रीला निघाला. दिरांना सांगा, ज्या खात्यातून नळ्या मागवल्या तिथे 'संशोधनासाठी संमती' वर खूण केली होती का ते पाहा, आणि उरलेली थुंकी नष्ट करा असं कंपनीला लेखी कळवा. एवढं काम त्यांनी करावं. डॉक्टर बदलण्याच्या सल्ल्यापेक्षा ते उपयोगी पडेल.

उद्याच कार्डिऑलॉजिस्टांची वेळ घ्या. ८४ पानं घरी ठेवा. एक पान न्या आणि आत गेल्यागेल्या सांगा: "यांचा सीवायपी२सी१९ दोन्हीकडून मंद आलाय, स्टेंटला चार महिने झालेत, क्लोपिडोग्रेल बदलायची का?" डॉक्टर 'नको, आहे तीच चालू द्या' म्हणाले तर कारण विचारून तेही त्याच पानावर तारखेसह लिहा, आणि परत येताना एक प्रत सिडकोला देऊन या. ते कपाटात ठेवणार नाहीत. जाताना अण्णांच्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या घ्या. उशाखाली लपवलेली ॲसिडिटीची सुद्धा, ती असतेच.